एक कान तर चांगला आहे ना?

सातव्या वर्षी गालगुंडं झाली आणि माझा डावा कान गेला. तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतंच, "एक कान तर चांगला आहे ना? मग मशीन कशाला?" एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय नसल्यामुळे दरवेळी उत्तर देत बसतो.

शांत खोलीत मला बहुतेक सगळं ऐकू येतं. लोकांची फसगत तिथेच होते. आवाज कुठून आला, ते दोन कान मिळून ठरवतात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला उशिरा पोचतो, जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा पकडतो. माझ्याकडे तो फरकच नाही. मोबाइल वाजला की मी पलंगावरच्या उशा उलथ्यापालथ्या करतो, आणि तो असतो मागे फ्रिजवर. शिवाय डोकं मध्ये येतं: डावीकडच्या बोलण्यातले स, श, च असे बारीक आवाज पलीकडे पोचेपर्यंत विरतात. म्हणून पूर्वी पंगतीत मी डावं टोक गाठायचो. "जरा आत सरका" म्हणत कोणी तिथे बसलं, की त्याच्या लेखी मी शिष्ट ठरायचो.

मुलांच्या बाबतीतही "चालून जातं" म्हणतात. अमेरिकेत बेस आणि थार्प यांनी १९८०च्या दशकात अशी मुलं तपासली, तर सुमारे ३५ टक्के मुलं शाळेत निदान एकदा मागे राहिलेली निघाली.

दुसरं टोक म्हणजे "आता मशीन आहे, दोन्ही कानांनी ऐकू येत असेल!" अहो, नाही. कानात थोडं ऐकू येणं शिल्लक असेल तर साधं मशीन चालतं. माझ्या कानात काहीच उरलेलं नाही, म्हणून क्रॉस: डाव्या कानामागचा माइक आवाज पकडून उजव्या कानाच्या मशीनकडे बिनतारी पाठवतो. डावीकडचा माणूस काय म्हणतो ते कळतं, दिशा मात्र नाही, कारण ऐकणारा कान एकच. डावीकडे मिक्सर लागला तर तोही इमानेइतबारे चांगल्या कानात ओतला जातो. मग मी माइक काढून खिशात टाकतो. बहिऱ्या कानालाच ऐकवायचं तर कॉक्लिअर इम्प्लांट. एकतर्फी बहिरेपणासाठी अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०१९मध्ये मान्यता दिली.

बाकीचं थोडक्यात. मशीनने चांगला कान आळशी होत नाही. तेलाने नस जागी होत नाही. एका कानावर दिव्यांग दाखला मिळत नाही. २०१६च्या कायद्याला दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. आणि एक कान रातोरात बंद पडला तर "मळ असेल" म्हणून आठवडा घालवू नका. लगेच कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तो बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच होतो.