पायाखालची जमीन

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास आरंभ केला. ज्या शिवारात पूर्वी पिके डोलत, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. या इमारती आपल्या नजरेत भरतात. परंतु त्यांचा सारा भार ज्यावर असतो, तो पाया मात्र कोणास दिसत नाही.

पाया खणण्यापूर्वी जमिनीची पारख करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून दख्खनचा काळा कातळ बनला. ऊनपावसाने झिजून त्याचा मुरूम झाला आणि मुरुमाची पुढे माती झाली. म्हणून येथे खणू लागले असता बहुधा प्रथम माती, मग मुरूम आणि शेवटी कातळ लागतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर भिंत उभारली, तर भिंतीसही तडे जातात. यास्तव पाया घट्ट मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेतात.

पूर्वी हे काम कुदळ, पहार व घमेले यांनी होई. आता पोकलेन माती उपसते, ब्रेकर कातळ फोडतो आणि डंपर ते सारे वाहून नेतो. यंत्रे आली, तरी धोका टळलेला नाही. एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक भरते. खड्ड्याची उभी बाजू ढासळली, तर खालच्या मजुरास ओरडण्यासही अवसर मिळत नाही. म्हणून बाजूंस उतार देणे किंवा भक्कम आधार लावणे, उपसलेली माती काठापासून दूर टाकणे आणि वर येण्यास शिडी ठेवणे, हे नियम कसोशीने पाळावयाचे असतात.

निघालेल्या मालाचीही व्यवस्था लावावी लागते. फोडलेला कातळ मूळच्या सुमारे दीडपट जागा व्यापतो. मुरूम भरावास व दगड खडीस उपयोगी पडतो. वरची सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात; म्हणून ती निराळी राखून झाडांसाठी वापरावी. हा राडारोडा ओढ्यात लोटला, तर पाण्याची वाट बुजते. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीचे रस्ते जलमय झाले, तेव्हा बुजलेल्या ओढ्या-नाल्यांचा प्रश्न सर्वांपुढे आला.

मजुराचा जीव आणि पाण्याची वाट या दोहोंस जपून जो पाया घातला जातो, तोच खरा भक्कम पाया होय.