माशांचे बी

मुलांनो, आपल्या मॉरिशसला चारी बाजूंनी समुद्र आहे. मासेमार होडीतून जातात आणि ताजी मासळी आणतात. पण ज्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तेथील लोकांना ताजे मासे कोठून मिळत असतील?

महाराष्ट्राच्या पूर्वेला भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे आहेत. तेथे शेतीच्या पाण्यासाठी जुन्या काळी बांधलेले पुष्कळ तलाव आहेत. ढीवर समाजाचे लोक या तलावांत मासे धरून पोट भरतात. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तलावात चांगले वाढतात. पण एक मोठी अडचण असते. तलावाच्या साठलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला, की वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. म्हणून पूर्वी लोक नदीतून पिल्ले गोळा करीत. त्यांत नको असलेल्या माशांची पिल्लेही येत. दूरच्या प्रवासात कितीतरी पिल्ले मरत.

1957 साली ही अडचण दूर झाली. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात एक प्रयोग केला. माशाच्या मेंदूखाली एक लहानशी ग्रंथी असते. त्या ग्रंथीचा अर्क त्यांनी नर व मादी माशांना टोचला. काय आश्चर्य! नदीला न जाताच माशांनी अंडी घातली. तो दिवस होता 10 जुलै. भारतात आता हा दिवस 'राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन' म्हणून पाळतात.

हे काम गावकऱ्यांनाही शिकता येते. मत्स्यबीज केंद्रात त्यांना प्रशिक्षण देतात. प्रथम ते नर व मादी ओळखायला शिकतात. अंडी घालण्यास तयार झालेल्या मादीचे पोट फुगीर व मऊ असते. नराचा छातीजवळचा पर हाताला खरखरीत लागतो. संध्याकाळी माशांना इंजेक्शन देतात. काही तासांनी मादी लाखो अंडी घालते. ही अंडी गोल टाक्यात ठेवतात. टाक्यातले पाणी नदीसारखे सतत फिरत असते. साधारण पंधरा ते अठरा तासांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात.

पहिले तीन दिवस पिल्ले काही खात नाहीत. त्यांच्या पोटाखाली अन्नाची छोटी पिशवी असते. नंतर ती जिऱ्याच्या दाण्याएवढी दिसतात, म्हणून त्यांना 'जिरे' म्हणतात. मग त्यांना लहान तळ्यात सोडतात. तेथे पाणकिडे त्यांना खाऊ नयेत, म्हणून काळजी घ्यावी लागते. थोडी वाढली, की ती 'मत्स्यबीज' होतात. बोटाएवढी झाली, की त्यांना 'बोटुकली' म्हणतात. मगच ती मोठ्या तलावात सोडतात.

बी पेरल्याशिवाय शेतात पीक येत नाही. तलावाचेही तसेच आहे. हे बी गावातच तयार झाले, तर ते दुसरीकडून विकत आणावे लागत नाही. तलाव भरलेला राहतो आणि गावातल्या माणसांना गावातच काम मिळते.