लिंक कोणत्या ब्राउझरमध्ये उघडेल?

लिनक्सवर क्रोमियम निवडलेला असतो, तरी ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की फायरफॉक्स उघडतो. असं का होतं?

ईमेलचा प्रोग्राम बहुधा स्वतः ब्राउझर निवडत नाही. टपाल छाटणाऱ्याकडे पत्र द्यावं तशी तो लिंक डेस्कटॉपच्या यंत्रणेकडे सोपवतो. ती सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ एवढंच वाचते आणि ‘माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट’ या फाइलमध्ये त्यापुढे कोणत्या प्रोग्रामचं नाव आहे ते बघते. गोम इथेच आहे! ‘एचटीटीपी’, ‘एचटीटीपीएस’ आणि एचटीएमएल फाइल यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. एखादी बदलायची राहिली, की जुना ब्राउझर पुन्हा डोकावतो. म्हणून तिन्ही ओळी तपासाव्यात. ही फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये असते. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडते, आणि बदलायला अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही.