बोर्डाला न दिसणारी डिस्क

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे बाजार समिती असलेलं गाव. आसपासच्या खेड्यांतला माणूस इथं सोयाबीन-कापूस घेऊन येतो आणि त्याच फेरीत कागदपत्रांची कामंही उरकतो: सातबारा, आठ-अ, पीकविम्याचा अर्ज, पोराच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला. अशा गावात ही कामं ज्या टेबलावर होतात, तिथला कॉम्प्युटर क्वचितच नवा असतो. शहरातल्या कुठल्यातरी कंपनीनं वापरून काढून टाकलेला, मधल्या कुणी तो झाडून-पुसून पुन्हा विकलेला. आत बहुधा इंटेलच्या एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे 2011 सालची रचना. त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि कुरकुरणारी जुनी हार्डडिस्क.

जुलैत पीकविम्याची मुदत जवळ आली की या हार्डडिस्कचा अंत पाहिला जातो. दारात रांग, पडद्यावर फिरणारं वर्तुळ. मग दुकानदार ठरवतो की आता एसएसडी टाकायची. परभणीला किंवा नांदेडला गेलं की विक्रेता हल्ली च्युइंगमच्या पट्टीएवढा एनव्हीएमई ड्राइव्ह हातात ठेवतो. किंवा घरात बंद पडलेल्या लॅपटॉपातून तसाच एखादा निघालेला असतो. ती पट्टी आणि जुना पीसी रिपेरिंगच्या टेबलावर आले, की खरं काम सुरू होतं.

पहिली अडचण जागेची. ही पट्टी ज्यात बसते तो एम.2 स्लॉट एच61 बोर्डावर नसतो. त्यासाठी लहानसं अ‍ॅडॉप्टर कार्ड मिळतं. पट्टी त्यावर बसवायची, स्क्रू आवळायचा आणि कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये दाबायचं. कोणत्या स्लॉटमध्ये, याला महत्त्व आहे. बोर्डावरचे छोटे स्लॉट एका लेनचे आणि दुसऱ्या पिढीचे, त्यातून सेकंदाला 500 एमबीच्या वर काही जात नाही. ग्राफिक कार्डासाठी असलेला लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय5 किंवा आय7 असला आणि बोर्डाची साथ असली तर तिथं चार लेनवर सेकंदाला साधारण 3,900 एमबीची वाट मोकळी असते. नाहीतर 2,000 एमबीची. दाखले काढणाऱ्या पीसीत वेगळं ग्राफिक कार्ड बहुधा नसतंच, पडदा प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतो. म्हणून लांब स्लॉट रिकामाच सापडतो.

हे करताना पट्टीची खाच बघावी लागते. दिसायला सारखीच असणारी, पण आतून साटा, म्हणजे जुन्या हार्डडिस्कचीच जोडणी असलेली एम.2 पट्टीही बाजारात मिळते. ती या कार्डावर चालत नाही, आणि दोन खाचा दिसल्या तर शंका घ्यायलाच हवी.

कार्ड बसलं. विंडोज 10 चा पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलरला डिस्क व्यवस्थित दिसते, कारण विंडोजकडे एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. बहुतेकदा फाइली कॉपी होऊन शंभर टक्केही होतात. मग मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ येते: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बायोस उघडून बूटची यादी पाहिली तर नव्या ड्राइव्हचं नाव नाही. मालकाला वाटतं, पैसे पाण्यात गेले.

‘‘काका, डिस्क चांगलीच हाय. बोर्डाला ती दिसंना झालीय,’’ असं समजावणारा कारागीर भेटला तर ते मालकाचं नशीब.

बोर्डाला ती का दिसत नाही, हे या कामातलं सगळ्यात समजून घेण्याजोगं. वीज आली की प्रोसेसर सर्वांत आधी बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपमधला प्रोग्रॅम चालवतो. तोच बायोस, किंवा त्याची पुढची आवृत्ती यूईएफआय. मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांना जागं करणं आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या फाइली मेमरीत आणणं, ही जबाबदारी त्याची. तोपर्यंत विंडोजही नसतं आणि विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. म्हणजे त्या पहिल्या काही सेकंदांत डिस्क वाचण्याची विद्या फक्त त्या चिपमध्ये असलेलीच चालते. जुन्या बोर्डांना साटा डिस्कशी एएचसीआय पद्धतीनं बोलता येतं. त्या पद्धतीत आज्ञांची एकच रांग, आणि रांगेत जास्तीत जास्त 32 आज्ञा. फिरत्या तबकडीला तेवढं पुरे होतं. एनव्हीएमईचं पहिलं मानक 1 मार्च 2011 ला निघालं. त्यात सुमारे 65 हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञांची सोय आहे. एच61 बोर्ड बाजारात आले तेव्हा ही भाषा नुकती कागदावर उतरत होती. इंटेलच्या 2014 च्या 9-सिरीज बोर्डांपासून ती बायोसमध्ये रुळू लागली. आधीच्या बोर्डांना बहुतेक कंपन्यांनी ती कधी दिलीच नाही. वायर आहे, स्लॉट आहे, वेग आहे. फक्त काही केबींचा एक ड्रायव्हर नाही.

तेवढ्यासाठी चालता बोर्ड भंगारात टाकणं पटण्यासारखं नाही. त्यातून वाटा निघाल्या, आणि त्यांतली सर्वांत शहाणी वाट पेनड्राइव्हची आहे.

साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम चालवू पाहणाऱ्या हौशी लोकांनी क्लोव्हर नावाचा बूटलोडर तयार केला. तो छोट्याशा पेनड्राइव्हवर मावतो. त्याच्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘एनव्हीएम-एक्स्प्रेस-डीएक्सई’ नावाची फाइल ठेवायची. पीसी चालू झाला की बायोस ओळखीच्या पेनड्राइव्हवरून क्लोव्हरला उठवतं, क्लोव्हर तो ड्रायव्हर मेमरीत चढवतो आणि त्या क्षणापासून बोर्डाला एनव्हीएमई वाचता येतं. मग पडद्यावर विंडोजचं चिन्ह येतं. बोर्ड इतका जुना असला की त्याला यूईएफआयच नाही, तरी क्लोव्हर स्वतः यूईएफआयचं वातावरण उभं करू शकतो.

हे करताना कारागिराचा हात ठराविक क्रमानं फिरतो. आधी जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवायची. ती राहिली तर विंडोज आपलं बूट पार्टिशन गुपचूप जुन्या डिस्कवर टाकतं, आणि पुढं ती डिस्क काढली की सगळंच बंद. मग नव्या ड्राइव्हवर जीपीटी पद्धतीची आखणी: सुरुवातीला ईएफआयचं छोटं पार्टिशन, नंतर विंडोजचं. इन्स्टॉल होताना मशीन मध्येच रीस्टार्ट होतं, तेव्हा प्रत्येक वेळी क्लोव्हरच्या पेनड्राइव्हमधूनच उठावं लागतं. सगळं झाल्यावर क्लोव्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कोणती डिस्क आपोआप निवडायची आणि किती सेकंद थांबायचं हे लिहून ठेवायचं, म्हणजे मालकाला सकाळी फक्त बटण दाबावं लागतं.

दुसरी वाट बायोसच बदलण्याची. बोर्डाच्या कंपनीची बायोस फाइल घ्यायची, तिच्यात तोच ड्रायव्हर घुसवायचा आणि ती चिपमध्ये लिहायची. मग पेनड्राइव्हची गरज राहत नाही. अनेक बोर्डांवर बूटच्या यादीत ड्राइव्ह ‘पाटा’ अशा भलत्याच नावानं उगवतो, पण चालतो. काम देखणं आहे. धोका मात्र मोठा. चिप लहान, त्यात मोकळी जागा थोडी, ड्रायव्हर बसला नाही तर कारखान्याचा दुसरा एखादा भाग कापावा लागतो. लिहिता लिहिता वीज गेली तर बोर्ड निपचित पडतो, आणि मराठवाड्यातल्या गावात विजेचा भरवसा धरून हे काम करू नये, यूपीएस हवाच. शिवाय सीएच341ए हा छोटा प्रोग्रॅमर आणि चिपला लावायचा चिमटा जवळ हवा. जाणता माणूस आधी चिप दोनदा वाचतो, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का पाहतो, मगच पुढं जातो. या प्रोग्रॅमरच्या काही काळ्या प्लेटा 3.3 व्होल्टच्या चिपला डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट देतात, हेही त्याला ठाऊक असतं. ज्याच्याकडे ही तयारी नाही, त्यानं गिऱ्हाइकाच्या बोर्डावर हा प्रयोग करू नये. एका दुकानदाराचा पीसी ऐन हंगामात बंद पडला तर दाखल्यासाठी आलेली माणसं रिकाम्या हातानं घरी जातात.

लिनक्सला यातलं काहीच लागत नाही. मार्च 2012 मध्ये आलेल्या 3.3 या कर्नेलपासून त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर आहे. कर्नेल आणि त्याच्या सोबतची सुरुवातीची फाइल असलेलं छोटं पार्टिशन जुन्या साटा डिस्कवर ठेवायचं, बाकी सिस्टिम नव्या ड्राइव्हवर. बायोस जुन्या डिस्कवरून कर्नेल उचलतं, आणि पुढची वाचणी कर्नेल स्वतः करतं. विंडोजला असं विभागता येत नाही, कारण त्याचा बूट मॅनेजर स्वतःच्या पुढच्या फाइली आणि कर्नेलही बायोसच्याच डोळ्यांनी वाचतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि विंडोज 11 या पिढीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, तेव्हा लिनक्सचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. पण सेवा केंद्राच्या टेबलावर अंगठ्याचं यंत्र असतं, आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर बसलेलं. म्हणून मालक विंडोजच मागतो, आणि त्याचं चुकत नाही.

मग साधी साटा एसएसडीच का टाकू नये? प्रश्न रास्त आहे, आणि प्रामाणिक कारागीर तो आधीच विचारतो. हार्डडिस्क जाऊन कुठलीही एसएसडी आली की पीसी ओळखू येत नाही इतका बदलतो. साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक दाखल्याच्या कामात त्यामानानं कमी जाणवतो. ड्राइव्ह अजून विकत घ्यायचा असेल आणि बोर्डावर जलद साटा असेल, तर साटाच घ्यावी. एच61 ची गोष्ट थोडी निराळी: त्या चिपसेटचे साटा पोर्ट 3 गिगाबिटचेच, त्यामुळे सेकंदाला 550 एमबी वाचणारी एसएसडी तिथं निम्म्यावर येते. आणि पट्टी आधीच हातात असेल तर तिला कामाला लावणंच योग्य.

उन्हाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. परभणीचा मे महिना, पत्र्याचं छत, कॅबिनेटमध्ये धूळ. नियंत्रक चिप फार तापली की ड्राइव्ह आपला वेग स्वतःच घटवतो. अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी वरून चिकटवली आणि पुढचा पंखा साफ केला तर बराच फरक पडतो.

राहतो तो पेनड्राइव्ह. दुकानात सगळेच पेनड्राइव्ह लावतात-काढतात. प्रिंटसाठी आलेलं पोरगं चुकून क्लोव्हरचाच उपसून नेऊ शकतं. बोर्डावर पुढच्या यूएसबीसाठी नऊ पिनांचा हेडर असतो. त्याला छोटी केबल लावून पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या आतच बसवला की तो कुणाच्या हाती लागत नाही. त्याची हुबेहूब दुसरी प्रत करून, वर चिठ्ठी चिकटवून, मालकाच्या गल्ल्यात ठेवायला द्यायची. पहिला खराब झाला तर मालकानं ती पुढच्या पोर्टला लावायची, चालू करताना बूटच्या यादीची कळ दाबायची आणि पेनड्राइव्ह निवडायचा. हे त्याच्याकडून एकदा समोर करून घेतलं की झाकणाचे स्क्रू आवळायला हरकत नाही.