जुना पलंग पारखताना

अम्मी गेल्यानंतर घर बदलताना आम्ही तिचा पलंग विकला. चार उंच खांबांचा, मच्छरदाणीसाठी वर दांड्या असलेला, काळसर शिसवी पलंग. नव्या फ्लॅटच्या जिन्यातून तो वर जाणार नाही असे वाटले. जुने सामान घेणाऱ्याने वजनावर भाव केला, मीही पैसे मोजून घेतले. त्याच्या माणसांनी दहा मिनिटांत बोल्ट काढून पलंगाचे सुटे भाग केले आणि तेच भाग जिन्याने आरामात खाली नेले. मी पाहत राहिलो.

पुढे मुलीच्या लग्नात तसाच पलंग द्यावा म्हणून मी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर गेलो. एका दुकानात 'शंभर वर्षांचा' पलंग दाखवला. नक्षी सुरेख होती. सोबत आमच्या ओळखीचे एक वयस्कर सुतार होते. त्यांनी नक्षीकडे पाहिलेच नाही. ते जमिनीवर बसून पलंगाखाली शिरले. त्या दिवशी जे शिकलो ते सांगतो.

जुन्या वस्तूचे वय दर्शनी बाजूवर नसते, पाठीवर आणि पोटात असते. पॉलिश न केलेली आतली फळी वर्षानुवर्षांच्या हवेने सावकाश काळवंडते. तिथे एकसारखा रंग फासलेला दिसला, तर विचारावे, का फासला? हातरंध्याने साफ केलेल्या फळीवरून बोट फिरवा, हलक्या लाटा लागतात. यंत्राची फळी सपाट असते. स्क्रू पाहा. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. एखादा तसा असेल तर ती दुरुस्ती असू शकते. सगळेच तसे असतील, तर वस्तू शंभर वर्षांची नव्हे.

कपाट किंवा आरशाचे मेज असेल तर खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात दातात दात अडकवलेला सांधा असतो, त्याला सुतार डवटेल म्हणतात. हाताने कापलेले दात तंतोतंत सारखे नसतात. खणाचा तळ प्लायवुडचा असेल तर सावध व्हा. गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजा. लाकूड लांबीपेक्षा रुंदीत जास्त आक्रसते, म्हणून जुने गोल मेज किंचित लांबट झालेले असते.

पलंगात आणखी एक गोम असते. खांब एकाचे, डोक्याकडची फळी दुसऱ्याची, असा जोडून केलेला पलंग विकला जातो. जुने सुतार जुळणीसाठी सांध्यापाशी छिन्नीने एक, दोन, तीन, चार अशा रेघा मारत. त्या रेघा असतील तर जुळतात का, ते पाहावे. लाकडाला बारीक भोके असली तर घाबरू नका. भोकातून ताजी पिवळसर भुकटी गळत असेल, तर मात्र कीड जिवंत आहे. घरी जुन्या फर्निचरलाही ती लागू शकते. आजच्या तयार गाद्या जुन्या पलंगात बसतीलच असे नाही, म्हणून माप घेऊनच भाव करावा. आणि परदेशातल्या लेकरांना पाठवायचा विचार असेल, तर १९७२चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

सुतारचाचा पलंगाखालून बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, "खांब खरे आहेत, बाकी सगळे परवाचे." आम्ही तो घेतला नाही. मुलीला नवा सागवानी पलंग करून दिला, नवा म्हणूनच.

खरेदीचे एवढे नियम सांगितले, पण मला सांगायचे आहे ते विक्रीबद्दल. तुमच्या घरात आजीचा पलंग असेल, जागा होत नसेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा सुताराला बोलवा. त्याला पलंगाखाली शिरू द्या. बोल्ट कुठे आहेत, ते विचारा.