तेरा अंशांची राखण

झाडावरून उतरवलेला हापूस जिवंतच असतो. तो श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो आणि आतल्या आत पिकत जातो. त्याला न्यूयॉर्क, लंडन किंवा टोकियोच्या दुकानात चांगल्या स्थितीत पोचवायचं, तर हे पिकणं आवरून धरावं लागतं. त्यासाठी थंडी लागते, पण ती बेताचीच. फळ साधारण १२-१३ अंशांच्या खाली फार वेळ राहिलं, तर साल काळवंडते, पिकणं बिघडतं आणि हापूसचा तो स्वाद येतच नाही. जास्त गारवा म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज इथे चालत नाही. ताजी मासळी शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागते, गोठवलेला माल उणे १८ अंशांवर आणि आंबा तेरावर. नाशवंत मालाची हवाई वाहतूक म्हणजे ज्याची त्याची थंडी ज्याला त्याला शेवटपर्यंत पुरवण्याचा धंदा आहे.

या धंद्याने मोठी झेप घेतली ती एका माशामुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जपानची विमानं कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू भरून उत्तर अमेरिकेत जात आणि परतताना जवळपास रिकामी येत. परतीचा माल शोधताना जपान एअरलाइन्सच्या अकिरा ओकाझाकी यांची नजर कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळच्या ब्लूफिन ट्यूनावर गेली. तिथे हा मासा हौसेने पकडत आणि पुष्कळदा टाकून देत. १४ ऑगस्ट १९७२ रोजी विमानाने आलेला तो ट्यूना टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावात विकला गेला, आणि टाकाऊ ठरलेल्या माशाला सोन्याचा भाव येऊ लागला. आजही पुष्कळसा माल प्रवासी विमानांच्या पोटातल्या मोकळ्या जागेतूनच जातो. म्हणून २०२० मध्ये प्रवासी उड्डाणं थांबली, तेव्हा मालाचीही जागा गेली आणि भाडी कडाडली.

हापूसचा हा प्रवास सुरू होतो देवगड-रत्नागिरीच्या बागेत. निर्यातीचं फळ पूर्ण पिकू द्यायचं नसतं. बागायतदार ‘चौदा आणे तयार’ आंबा काढतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने फळ देठासकट उतरवता येतं. देठ राहिला, की चीक सालीवर ओघळत नाही. चीक लागलेल्या सालीवर डाग पडतात आणि परदेशी दुकानात डागाळलेल्या फळाला गिऱ्हाईक नसतं. तोड सकाळच्या गारव्यात करायची, फळं सावलीत ठेवायची आणि रात्रीच्या गाडीने वाशी गाठायची. बागेत दुपारच्या उन्हात तासभर तापलेल्या आंब्याचं आयुष्य तिथेच घटतं, पुढच्या कुठल्याही शीतगृहाला ते भरून काढता येत नाही.

वाशीला निवड, धुलाई आणि प्रतवारी झाली, की प्रत्येक देशाची अट वेगळी. जपानला फळ ४७.५ अंशांच्या बाष्पात २० मिनिटं ठेवलेलं लागतं. युरोपसाठी ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवतात. गार करण्याआधी फळाला अशी उष्णता सोसावी लागते, कारण फळमाशीची अंडी-अळ्या उष्णतेने मरतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर घातलेली बंदी या फळमाशीपायीच होती. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली.

अमेरिकेची अट निराळी. कोयीत दडणाऱ्या भुंग्याच्या भीतीने १९८९ पासून तिथलं दार बंद होतं. ते २००७ मध्ये उघडलं, आणि त्याची किल्ली होती कांद्याच्या गावात, लासलगावला. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू झालं होतं. त्याच केंद्रात आंब्याच्या पेट्या कोबाल्ट-६० भोवती फिरवून किमान ४०० ग्रे मात्रा दिली गेली. या किरणांनी फळ किरणोत्सारी होत नाही; आत उरलेल्या किडीची वाढ आणि प्रजनन मात्र थांबतं. कोकणातला आंबा नाशिक जिल्ह्यात जाऊन पुन्हा मुंबईला विमानासाठी परतायचा. पुढे राज्य कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र वाशीलाच उभं राहिलं आणि हा वळसा वाचला.

या पेट्या हातात घेऊन पाहण्यासारख्या असतात. साडेतीन किलोच्या पेटीत फळं एका थरात, प्रत्येकाला फोमची जाळी. पुठ्ठ्याला हवेसाठी भोकं, कारण फळाला श्वास घ्यायचा आहे. आणि त्या भोकांवर आतून बारीक जाळी, कारण प्रक्रियेनंतर एकही माशी आत शिरता कामा नये. हवा जावी पण कीड जाऊ नये, एवढी दोन कामं ते बोटभर भोक करतं. पेटीवरच्या नोंदीवरून माल कोणत्या बागेतला, हे शोधता येतं. त्यासाठी बागांची ‘मँगोनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी होते.

खरी कसोटी विमानतळावर लागते. मालकेंद्रातल्या शीतगृहात तापमान राखलेलं असतं. तिथे पेट्या ॲल्युमिनियमच्या पॅलेटवर रचतात, वर जाळं आवळतात, उष्णतारोधक चंदेरी आच्छादन घालतात आणि पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवतात. मग ट्रॉली विमानाकडे निघते. मे महिन्याची मुंबई, विमानतळाचं तापलेलं काँक्रीट, आणि विमान उशिरा आलं तर उन्हात थांबणं. विमानाचं पोट म्हणजे शीतगृह नव्हे. बॅटरीवर चालणारे शीतपेटारे मिळतात, पण त्यांचं भाडं औषधांना परवडतं, आंब्याला क्वचितच. त्याची भिस्त वेळेवर असते. म्हणून ट्रॉली सावलीत उभी करणारा, आच्छादनाची फाटकी कड टेप लावून बंद करणारा आणि नाशवंत माल शेवटी चढवून आधी उतरवणारा कामगार हा या साखळीतला सर्वांत मोलाचा माणूस आहे. त्याचं नाव कुठल्याही पेटीवर नसतं.

गोठवलेल्या मालाची गोष्ट वेगळी. तो थांबू शकतो, म्हणून बहुतेक जहाजानेच जातो. विमानाने पाठवायचाच झाला, तर सोबत कोरडा बर्फ देतात. तो उणे ७८.५ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. बंद जागेत हा वायू साठला तर श्वास कोंडतो, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. पेटीवर त्याचं वजन लिहावं लागतं, एका विमानात किती न्यायचा यावर मर्यादा असते आणि वैमानिकाला आधी कळवावं लागतं.

थंडीइतकाच कागदही जपावा लागतो. मे २०२५ मध्ये वाशीत विकिरण झालेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींवरून लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडल्या. परत आणण्याचा खर्च आंब्याहून मोठा, तेव्हा निर्यातदारांना माल नष्ट करणं भाग पडलं. फळ उत्तम, थंडी नीट, आणि तरी सगळं वाया.

विमानाचा खर्च मोठा आहे आणि हवेत सोडलेला कार्बनही. टनामागे, किलोमीटरमागे तो जहाजाच्या कित्येक पट भरतो. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात भारतीय आंब्याचा कंटेनर समुद्रमार्गे सुमारे पंचवीस दिवसांत अमेरिकेला पोचला, तो प्रयोग महत्त्वाचा आहे. हंगामाच्या भरात मोठा माल जहाजाने जावा, असंच मला वाटतं. पण पहिल्या तोडीचा, ज्याला दिवस मोजूनच मिळालेत असा आंबा विमानानेच जाणार. त्याच्यासाठी पैसा ओतायचा तो विमानतळावर जेवढा, तेवढाच बागेच्या तोंडाशी: तालुक्याला पूर्वशीतकरणाची खोली, शीतवाहन, तोडीच्या जागी सावलीची शेड. साखळीची पहिली कडी शेतकऱ्याच्या हाती असते, आणि आज सर्वांत कच्ची तीच आहे. ती पक्की झाली, तर निर्यातीच्या भावातला मोठा वाटाही त्याच्याच घरी जाईल.