चॉकलेटची लाच बंद!

घरात, बिल्डिंगमध्ये किंवा वाड्यात एखादं छोटं कार्टं आहेच ना? त्याचे ताई-दादा तुम्हीच. त्याला 'चांगलं वळण' लावायचं कामही येता-जाता तुमच्या गळ्यात पडतंच. मग आपले पाठ असलेले डायलॉग सुरू होतात. 'आजीला पाणी नेऊन दे, चॉकलेट देईन.' 'आधी सॉरी म्हण!' लहानपणी आपणही हेच ऐकलेलं असतं.

पण दुसऱ्याची काळजी करणं असं शिकवता येतं का?

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या बाळांसोबत केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक माणूस कपडे वाळत घालतोय. हातातला चिमटा खाली पडतो, त्याला तो घेता येत नाही. समोरचं बाळ तुरुतुरु जातं आणि चिमटा उचलून देतं! ना कुणी सांगितलं, ना कुणी शाबासकी दिली. मासिकांचा गठ्ठा हातात घेऊन तो बंद कपाटापाशी अडला, की बाळ दार उघडून देतं. २४ पैकी २२ बाळांनी एकदा तरी मदत केली. गंमत म्हणजे, त्याने वस्तू मुद्दाम फेकली तर बाळं फारशी उठत नव्हती. म्हणजे समोरच्याला खरंच गरज आहे का, हे त्यांना कळत होतं.

२००८ चा पुढचा प्रयोग तर आपल्यासाठीच आहे. मदत केल्यावर काही बाळांना बक्षीस दिलं, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर बक्षीसवाल्यांची मदत कमी झाली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती मात्र मदत करतच राहिली.

थोडक्यात, माया मुलांमध्ये असतेच. ती टिकवायची कशी?

कारण सांगा : 'मारू नको, नाहीतर फटका देईन' यात मुलाला फक्त तुमची भीती कळते. 'बघ, त्याला लागलं, तो रडतोय' यात समोरचा दिसतो. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने याच पद्धतीवर भर दिला होता.

सॉरीची सक्ती नको : त्याऐवजी 'आता त्याला बरं वाटायला काय करू या?' असं विचारा. पडलेला मनोरा पुन्हा रचून देणं हेही सॉरीच.

स्वतःकडे बघा : डिलिव्हरी द्यायला आलेल्या दादावर तुम्ही खेकसता, वॉचमनकाकांची नक्कल करून हसता, ते सगळं छोटे डोळे टिपत असतात. तुमच्या लेक्चरपेक्षा हेच जास्त लक्षात राहतं.

आणि एक दिवस तो पटकन विचारतो, 'घरकामाच्या मावशींचा कप वेगळा का?' घरातले गडबडतात. कुणीतरी म्हणतं, 'गप बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको.' दुसऱ्याचा विचार करायचा नसतो, हे मूल नेमकं तेव्हा शिकतं.

त्या वेळी तुम्ही तरी गप बसू नका. 'बरोबर विचारलंस' म्हणा. आई-आजीशी थोडी हुज्जत होईल, होऊ दे. उद्याच्या चहाला सगळ्यांचे कप एकाच ट्रेमध्ये ठेवा आणि मावशींना कोणता हवा, ते विचारायला त्यालाच पाठवा.